दत्तूच्या टगचा हूक

"खालनं मार, दत्त्या! वरनं न्हवं, खालनं!"

असं मी ओरडले तेव्हा माझा भाऊ माझ्यापासून शेकडो मैल लांब, समुद्रात होता. आणि मी कोल्हापुरात, उद्यमनगरमधल्या एका फौंड्रीत, माझ्या टेबलासमोर उभी होते. दुपारचे साडेतीन वाजलेले. वर पत्रा तापलेला. हातात वाळू ठासायची लाकडी मोगरी.

ओरडायच्या आधी काय झालं ते सांगते. पायाखालची फरशी डावीकडं कलली. चक्कर नव्हती ती, डोकं साफ होतं. समोर टेबलावर भाजून गार करायला ठेवलेले वाळूचे कोअर होते, ओळीनं अकरा. ते सगळे एकदम डावीकडं घसरले आणि खाली पडून फुटले. त्याच वेळी माझ्या उजव्या हाताच्या बोटांना गार, ओलं लोखंड लागलं. हातात तर लाकूड होतं... कोरडं. पण बोटांना लोखंडच लागत होतं, त्याच्यावरनं पाणी वाहत होतं. बोट खाली सरकलं आणि एका जागी थांबलं. ती जागा मला चांगली माहीत होती.

मग मी ओरडले.

शेजारच्या टेबलावर शेवंता होती. ती हसली. "हौसाक्का, भर दुपारी कुणाला मारायला लावतीयास? दाजी आलं का काय परत?" मग तिनं खाली फुटलेले कोअर बघितले आणि तिचं हसू गेलं.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आमच्या गल्लीत बायकांच्या अंगात यायचं, तेव्हा मी त्यांना पाणी मारून उठवायची. भूत, भानामती, करणी — सगळं रिकाम्या लोकांचं काम, असं मी तोंडावर म्हणायची. आजही तसंच म्हणते. पण त्या दुपारचं मला सांगता येत नाही. तुमच्यातल्या कुणाला येत असेल तर सांगावं. मात्र आधी सगळं ऐकून घ्या, माझी चूकही.

मी शाहूपुरीत कुंभार गल्लीत राहायची. चौथी शिकलेली. आईवडील लवकर गेले, दत्तू माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, त्याला मीच वाढवला. लग्न झालं होतं माझं, पण नवऱ्यानं दोन वर्षांत टाकलं. मग फौंड्रीत कोअर करायच्या कामाला लागले. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट आहे ही. दत्तू मोठा झाल्यावर त्याच कारखान्यात शेजारच्या शेडमध्ये फिटर झाला.

कोअर म्हणजे काय ते सांगते. लोखंडाची वस्तू आतनं पोकळ हवी असेल तर साच्याच्या मधे वाळूचा ठोकळा ठेवतात. लोखंड त्याच्या भोवतीनं ओततात, मग वाळू फोडून काढतात. तो ठोकळा म्हणजे कोअर. वाळू चिकटावी म्हणून तिच्यात मळी घालायची. साखर कारखान्यातनं पिंपं यायची तिची. पेटीत ठासायचं, काढायचं, भट्टीत भाजायचं. मळीची एक खोड आहे, पावसाळ्यात ती हवेतलं पाणी ओढते. म्हणून आषाढ-श्रावणात कोअर दुप्पट वेळ भाजावा लागतो. कच्चा राहिला तर ओतताना त्यातनं वाफ सुटते आणि लोखंडाच्या आत बुडबुडा होऊन बसते. वरनं दिसत नाही. कच्चा का पक्का हे टिचकी मारून कळतं — पक्का खणखणतो, कच्चा भद्द वाजतो. यात काही अवघड नाही. पोरगीसुद्धा आठ दिवसांत शिकते.

त्या वर्षी कारखान्याला वेगळंच काम आलं होतं. कोकणातल्या एका गोदीत, दुसरी जहाजं ओढत समुद्रावर लांब जाणारी टगबोट बांधत होते. तिच्या मागच्या डेकवर दोर अडकवायचा मोठा हूक असतो. तो हूक एका खिळीवर मिटलेला असतो, आणि खिळी सरकली की उघडतो. ती खिळी ज्या पोकळ ठोकळ्यात बसते, ते 'घर' आमच्याकडं ओतायचं होतं. त्याचा कोअर माझ्याकडं आला.

भट्टीत घातला त्या दिवशी आषाढातला शुक्रवार होता. आमच्या गल्लीचं नवं पाणी होतं. बाहेरगावच्यांना माहीत नसेल — पंचगंगेला नवं पाणी आलं की कोल्हापुरात गल्लीगल्लीतल्या बायका ते पाणी कलशात घेऊन टेंबलाईच्या डोंगरावर जातात, देवीच्या पायऱ्यांवर ओततात. पुढं पी-ढबाक, म्हणजे पिपाणी आणि ढोल, वाजत असतो. मला देवाधर्माचं फार नव्हतं. पण त्या वर्षी पहिला कलश मला दिला होता. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला पहिला कलश कुणी देत नाही. मला दिला होता.

दुपारी बारा वाजता नदीवर पोचायचं होतं. अकराला भट्टी उघडली, कोअर काढला, टिचकी मारली.

भद्द.

अजून दोन तास तरी ठेवायला पाहिजे होता. पक्का दिसावा म्हणून मी त्याला वरनं काळ्या शिशाचा हात दिला, पक्क्या कोअरच्या फळीवर ठेवला आणि आमच्या शेडच्या मिस्त्रींना म्हणाले, "मी जातो मिस्त्री, पाणी वाहायचंय."

"कोअर झाला?"

"झाला की."

डोंगर चढताना कलशातलं पाणी सांडलं नाही. सगळ्या बायका म्हणाल्या, हौसाचा हात स्थिर आहे. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तेव्हा लोखंड ओतून झालं होतं.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रींनी बोलावलं. त्या ओतलेल्या घराला भोक पाडताना बुडाशी एक पोकळी उघडी पडली होती.

"हौसा, ह्यात बोट घाल."

घातलं. पहिल्या पेरापर्यंत गेलं.

"कोअर कच्चा हुता का?"

"न्हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "न्हाय तर न्हाय. परत ओतायचं म्हंजे आठ दिवस गेलं. गोदीचा ट्रक दारात उभा हाय." मग त्यांनी लोखंडाचा कीस आणि नवसागर पाण्यात कालवून लुगदी केली. ती पोकळीत ठासली. वाळल्यावर वरनं कानस फिरवली. कुठं भोक होतं ते बघून सांगता आलं नसतं. बोटानं मात्र कळायचं, तिथं किंचित खरखर होती. लुगदीचं भांडं मीच धरलं होतं.

दत्तू त्या वेळी कारखान्यात नव्हता. टगची यंत्रं बसवायला तो आधीच गोदीत गेला होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. गोदीवाल्यांना त्याचं काम आवडलं आणि टग पाण्यात उतरल्यावर त्यांनी त्याला तिच्यावरच इंजिनाच्या कामाला घेतलं. कुंभार गल्लीतला पोरगा समुद्रावर गेला! गल्लीनं पेढे खाल्ले.

दिवाळीला आला तो चार दिवस. काळा पडलेला, अंगानं भरलेला. जेवायला बसला आणि बोलायला लागला तो थांबेना.

"आक्का, टग म्हंजे काय म्हाईत हाय? पैलवान. बुटका, पर ताकद बघशील तर! पोटात दोन इंजिनं, मागं दोन पंखं, बाकी काय न्हाय. माणसं आपली उरल्या जागेत."

"आन् ती बार्ज का काय म्हणतोस ते?"

"बार्ज म्हंजे आमचं दाजी. सोता हालत न्हाय, दुसऱ्यानं वडायचं."

मी हसले. खूप दिवसांनी हसले असेन.

त्यानं चुलीतला कोळसा घेऊन फरशीवर चित्र काढलं. बार्ज म्हणजे लोखंडाची सपाट पेटी, पुढनं-मागनं तिरकी कापलेली. मागं खाली दोन उभे पत्रे, त्यांच्यामुळं ती सरळ मागनं येते, नाहीतर खोडकर म्हशीसारखी इकडंतिकडं जाते. नाकाच्या दोन कोपऱ्यांना साखळ्या, त्या पुढं एका तिकोनी पत्र्यात मिळतात. तिथनं मनगटाएवढी वायर टगपर्यंत. खोल समुद्रात ती वायर पाव मैलाहून जास्त सोडतात.

"एवढी कशाला?"

"मधला भाग पाण्यात झोळ खातोय बघ. लाट आली की झोळ ताणतोय, वायर तुटत न्हाय. झोळ हाय म्हणून टग हाय." मग त्यानं टगच्या मागच्या डेकवर बोट ठेवलं. हा भाग मुद्दाम मोकळा आणि बुटका ठेवतात, वायर या बाजूची त्या बाजूला फिरली तर कशात अडकू नये म्हणून. विंचवर, म्हणजे वायर गुंडाळायच्या रहाटावर, वायर असते ती लांबच्या पल्ल्याला. बेटाजवळ, खडकाच्या तोंडात शिरताना मात्र आखूड दोर घेतात, आणि तो असतो हुकावर.

"आन् हूक सुटायलाच पायजे," तो म्हणाला. "शिरोळला उसाचा ट्रॅक्टर उताराला बघितलास न्हवं? मागची ट्रॉली रेटा देती, बाजूनं पुढं येती, आन् ट्रॅक्टर आडवा. पाण्यात तसंच. बार्ज बाजूला आली की दोर टगला आडवा वडतोय. चहा गाळस्तवर टग पालथी. म्हणून वरच्या केबिनीत दांडा हाय. दांडा वडला की खिळी सरकती, हूक उघडतोय, दोर गेला, आपुन वाचलो."

"आन् न्हाय सुटला तर?"

"न्हाय कसा? त्या खिळीचं घर आपल्या शेडमधलं हाय! मी सगळ्यांस्नी सांगतो, माझ्या आक्काच्या हातचा कोअर हाय त्यात."

भाकरी तव्यावर होती. ती करपली. मी दुसरी थापली.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. एवढंच म्हणायचं होतं — दत्त्या, बुडाशी भोक आहे, लुगदी भरलीय, ते घर बदला. त्याला टगवर परत जायला तीन दिवस होते. तोवर हूक वापरू नका म्हटलं असतं, तर आठ दिवसांत नवीन ओतून मागनं पाठवता आलं असतं. पण मिस्त्रींचं नाव आलं असतं, माझं काम गेलं असतं. खरं सांगायचं तर ते कारण नव्हतं. तो ज्या तोंडानं 'माझ्या आक्काच्या हातचा' म्हणाला, त्या तोंडासमोर मला बोलता आलं नाही. वाटलं, इतके महिने चालतंय, पुढंही चालेल. मी विचारलं, "रस्सा घेतोस अजून?" तो म्हणाला, "वाढ."

त्यानंतर तो परत आला नाही.

आता त्या दुपारचं. शिमगा जवळ आला होता. मी ओरडल्यावर मिस्त्री आले. फुटलेले कोअर बघून म्हणाले, "टेबलाला धक्का दिलास."

शेवंता म्हणाली, "न्हाय ओ मिस्त्री, ती टेबलाला शिवलीबी न्हाय. मी हितंच हुतो."

मिस्त्रींनी काचेच्या नळीची लेव्हल आणून टेबलावर ठेवली. बुडबुडा मधोमध. उलटी फिरवून ठेवली. मधोमध. "मग वारा आला आसंल," असं म्हणून ते गेले. मोठा कोअर पाच-सहा किलोचा असतो. त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तार आली. दत्तू समुद्रात बेपत्ता, एवढंच.

महिन्याभरानं टगवरचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, दत्तूची ट्रंक घेऊन आला. हसनचाचा म्हणायचे त्यांना. रत्नागिरीकडचे, साठीच्या पुढचे. पाणी दिलं, चहा दिला. कप तसाच राहिला. मी त्यांना म्हणाले, काय झालं ते सगळं सांगा, गोड करून सांगू नका. मी माझ्याकडचं एक अक्षर बोलले नव्हते, हे ध्यानात ठेवा.

ते म्हणाले, "बेटावर धक्का बांधायचा होता, सिमेंट न् सळ्या भरून बार्ज नेत होतो. खडकाच्या तोंडाशी दोर आखूड केला, हुकावर घेतला. पाण्याला ओढ होती. बार्ज सरळ यायची ती बाजूनं पुढं आली. दोर आडवा झाला. टग चालवणाऱ्या सारंगनं केबिनीतनं दांडा ओढला, हूक उघडला नाही. परत ओढला. नाही. टग डावीकडं कलली, ताई. माझ्या चुलीवरचं आधण भिंतीवर गेलं. साडेतीनचा चहा होता तो."

"पुढं सांगा," मी म्हणाले.

"डेकवर पाणी आलं. तुमचा भाऊ इंजिनातनं घण घेऊन वर आला. कमरेएवढ्या पाण्यात हुकाजवळ गेला. ते घर तडकलं होतं, खिळी त्यात आवळून बसली होती. त्यानं वरनं घाव घातले. एक, दोन, तीन. काही होईना. सारंग ओरडत होता, सोड, उडी मार. तुमचा भाऊ थांबला. मान अशी वळवली, कुणी हाक मारल्यासारखी. त्या बाजूला नुसतं पाणी. आणि म्हणाला, 'व्हय आक्का.'"

हसनचाचांनी आपल्या कानाला हात लावला. "मी दारातच होतो, माझ्या कानानं ऐकलं. मग आमच्याकडं बघून म्हणाला, 'आक्का म्हणतीया, खालनं.' खाली वाकला, पाण्यात तोंड गेलं त्याचं, आणि खालनं घण मारला. एकच. घर फुटलं, हूक उघडला, दोर सुटला. टग सरळ झाली. पण दोर सुटताना हुकाचा तुकडा घेऊन उडाला, ताई. तुमचा भाऊ त्याच्या वाटेत होता. अंधार पडेपर्यंत शोधला. दुसऱ्या दिवशीही शोधला."

मग त्यांनी विचारलं, "आक्का म्हणजे कोण?"

"मी," म्हणाले.

ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "मग तुमच्यामुळं आम्ही वाचलो." ते माझ्या पाया पडायला वाकले. साठीच्या पुढचा माणूस. मी त्यांचे हात धरले. तेव्हा तरी लुगदीचं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ते माझ्या नावानं दुवा मागत गेले. इथं सांगतेय ते पहिल्यांदाच.

लोक म्हणतील, दत्तू फिटर होता, वरनं फुटेना तर खालनं मारायचं त्याला स्वतःलाच सुचलं. असेल. मग मला त्याच वेळी कसं कळलं? म्हणतील, तुझ्या मनात महिनोन् महिने तेच घोळत होतं, कधी ना कधी ओरडणारच होतीस. ठीक आहे. मग त्यानं ऐकलं कसं? आणि सपाट टेबलावरचे अकरा कोअर? शेवंता अजून आहे, तिला विचारा. मी गुरुजींना विचारलं, एका डॉक्टरांना विचारलं, पुढं एका मोठ्या इंजिनिअरलाही विचारलं. कुणी योगायोग म्हणालं, कुणी देवी म्हणालं. टेंबलाईचं नाव काढलं त्याला मी घराबाहेर काढला.

मला भुताचं कोडं नाही पडलेलं. मला वेगळंच छळतं. तीन हात अंतरावर ताटाला ताट लावून बसला होता तेव्हा माझा आवाज फुटला नाही, आणि शेकडो मैलांवरनं फुटला. आणि फुटला तो असा, की त्या आवाजानं त्याला दोराच्या वाटेत वाकवला. दत्त्या पट्टीचा पोहणारा होता. पुराच्या पंचगंगेत उडी मारायचा. मी ओरडले नसते तर त्यानं सारंगचं ऐकून उडी मारली असती का? आणि मग बाकीच्यांचं काय झालं असतं? याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही, आणि आता मिळून उपयोगही नाही.

त्यानंतर मी बावीस वर्षं कोअर केले. एकही कच्चा दिला नाही. त्यानं काही भरून आलं असं मला वाटत नाही.

टगवर सारंग धरून नऊ माणसं होती. आठ वाचली.